योहान विटेवेन: डच प्राध्यापक, अर्थमंत्री, नाणेनिधीचे प्रमुख. यांचा बडोद्याशी खरंच संबंध आहे का?

श्रेयस_कोथरूड

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी प्रत्येकाला असा एक अर्थशास्त्रज्ञ घ्यायचाय जो पुढे मंत्री झाला. डॉ. मनमोहन सिंग पहिल्याच दिवशी गेले, सी. डी. देशमुखही गेले (ते मुळात आयसीएस, पण सरांनी चालवून घेतलं). मला बाहेरच्या देशातलं कुणीतरी हवं होतं, म्हणून एच. जे. विटेवेन यांचं नाव देऊन टाकलं. नेदरलँड्सचे अर्थमंत्री आणि १९७३ ते १९७८ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख.

आता अडचण अशी झालीय की आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एकच ओळ आहे, ती 'विटेवेन सुविधे'ची. मंत्री म्हणून त्यांनी काय केलं हे कुठेच धड सापडत नाही. विद्यापीठात शिकवणारा माणूस एकदम अर्थमंत्री कसा होतो, तेही कळत नाही. आणि एका ठिकाणी वाचलं की ते सूफी होते, त्यांचे गुरू मूळचे बडोद्याचे. हे खरं असेल तर मला ते सेमिनारमध्ये घ्यायचंच आहे, पण खात्री झाल्याशिवाय सरांसमोर बोलायचं नाही. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

अभ्यासिका_नाशिक

विटेवेन सुविधा म्हणजे नाणेनिधीची पूरक वित्तपुरवठा सुविधा, मोठ्या तुटीत सापडलेल्या देशांना नेहमीच्या मर्यादेवर जादा कर्ज. १९७७ मध्ये ठरली, १९७९ मध्ये लागू झाली. तोवर ते पदावरून गेलेही होते. परीक्षेला एवढंच विचारतात. बाकीचं मलाही वाचायला आवडेल.

मृण्मयी_लायडन

श्रेयस, हा विषय अजिबात सोडू नकोस. बडोद्याचा संबंध शंभर टक्के खरा आहे. मी मूळची बडोद्याची, दांडिया बाजारातली. लग्नानंतर इकडे आले. लायडनला राहते आणि छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांचा व्हॅट भरून देते. त्यामुळे हा माणूस मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे. सावकाश वाच, लांबणार आहे.

घराणं आधी सांगते, कारण त्यातून पुढचं बरंच उलगडतं. जन्म १९२१ चा, झाइस्टचा. आईचे वडील फ्लोर विबाउट. ॲमस्टरडॅममध्ये कामगारांसाठी चांगली घरं बांधून घेणारे समाजवादी नगरपालक म्हणून त्यांचं नाव इथे आजही आदराने घेतात. वडील रॉटरडॅमचे नगररचनाकार. १४ मे १९४० ला जर्मन विमानांनी रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख केला आणि काही दिवसांतच नव्या शहराचा आराखडा करायचं काम वडिलांकडे आलं. मुलगा तेव्हा त्याच शहरात अर्थशास्त्र शिकत होता. एकोणीस वर्षांचंही वय नाही, आणि घरातल्या टेबलावर जळून गेलेल्या शहराचे नकाशे. पुढे सरकारी खर्चाबद्दल हा माणूस लांब पल्ल्याच्या हिशेबाने बोलायचा. ती सवय या घरातूनच आली असं माझं मत आहे.

रॉटरडॅमला त्यांना शिकवायला यान टिनबर्गेन होते, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल विभागून मिळालं. युद्ध संपल्यावर टिनबर्गेननी हेगमध्ये केंद्रीय नियोजन संस्था उभी केली, तिथे विटेवेननी सुरुवातीची काही वर्षं काम केलं. वेतनाची पातळी आणि रोजगार या विषयावर १९४७ मध्ये डॉक्टरेट, आणि १९४८ ला रॉटरडॅमलाच प्राध्यापक. तिशी गाठायच्या आत.

आता तुझा प्रश्न, प्राध्यापक एकदम मंत्री कसा होतो. इथली घटना आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपल्याकडे मंत्री झालेल्याला सहा महिन्यांत कुठल्यातरी सभागृहाचं सदस्य व्हावंच लागतं. इथे उलट, मंत्री झालास की संसदेतली जागा सोडावी लागते. त्यामुळे विद्यापीठातून, बँकेतून, नगरपालिकेतून थेट माणूस उचलून मंत्री करायला काही आडकाठी नाही. शिवाय वरिष्ठ सभागृह अर्धवेळ चालतं, सदस्य आपापले व्यवसाय करत राहतात. विटेवेन १९५८ पासून तिथे उदारमतवादी व्हीव्हीडी पक्षाचे सदस्य होते आणि शिकवतही होते. म्हणजे १९६३ मध्ये अर्थखातं मिळालं तेव्हा राजकारण त्यांना नवं नव्हतं. समाजवादी विबाउटांचा नातू उदारमतवाद्यांचा अर्थमंत्री झाला याची इथे बरीच चर्चा झाली असणार.

मंत्रिपद दोनदा मिळालं, १९६३ ते १९६५ आणि १९६७ ते १९७१. दुसऱ्या वेळी उपपंतप्रधानपदही होतं. पहिल्या खेपेला त्यांच्या समोर पगारवाढीचा स्फोट आला. युद्धानंतर सरकारने वेतनं वर्षानुवर्षं दाबून धरली होती, ती धरण फुटल्यासारखी १९६३-६४ मध्ये वाढली. कराचं उत्पन्न भराभर वाढायला लागलं की प्रत्येक खातं हात पसरतं. यावर इथे एक शिस्त होती. त्या वर्षी तिजोरीत किती आलं याकडे बघायचं नाही, अर्थव्यवस्था लांब पल्ल्यात किती वाढेल ते धरायचं आणि तेवढाच खर्च वाढवायचा. सुरुवात त्यांच्या आधीचे अर्थमंत्री येल्ले झाइल्स्ट्रा यांनी केली. तेही अर्थशास्त्राचे प्राध्यापकच. विटेवेननी ती पद्धत पुढे नेली. तुझ्या सेमिनारला ही गोष्ट विटेवेन सुविधेपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण अर्थशास्त्रज्ञ मंत्री झाल्याने नक्की काय फरक पडतो ते इथे दिसतं.

जाता जाता, बजेटच्या पेटीचं. सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी इथला अर्थमंत्री छोटी पेटी घेऊन संसदेत येतो आणि त्यातून बजेट काढतो. ही प्रथा १९४७ मध्ये पीट लीफ्टिंक यांनी पाडली (हे सुद्धा अर्थशास्त्राचे प्राध्यापक!). सध्याची 'सप्टेंबरचा तिसरा मंगळवार' असं लिहिलेली पेटी १९६४ ची, विटेवेन यांच्या काळातली.

आता माझ्या रोजच्या कामातला भाग. १ जानेवारी १९६९ ला नेदरलँड्समध्ये व्हॅट आला, इथे त्याला 'बेतेवे' म्हणतात. तो आणणारे अर्थमंत्री विटेवेन. त्याआधी माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना टप्प्याटप्प्याला पूर्ण किमतीवर कर लागायचा. कारखान्याने माल विकला की कर, घाऊक व्यापाऱ्याने विकला की पुन्हा कर. करावर कर चढत जायचा. म्हणून मोठ्या कंपन्या सगळं स्वतःच्याच छताखाली करायच्या आणि छोटा दुकानदार मार खायचा. व्हॅटमध्ये तू खरेदीवर भरलेला कर वजा करून फक्त आपण वाढवलेल्या किमतीवर कर भरतोस. आपल्या जीएसटीतलं इनपुट क्रेडिट ते हेच. माझ्या एका क्लायंटच्या वडिलांची, बेकरीवाल्यांची, १९६८-६९ ची खातेवही मी हातात घेऊन पाहिली आहे. डिसेंबरपर्यंत एकच कराचा रकाना. जानेवारीच्या पानापासून पट्टीने दोन नव्या रेघा मारलेल्या, एका रकान्यावर १२ आणि दुसऱ्यावर ४. ते तेव्हाचे दर. (आता २१ आणि ९ आहेत.) पहिल्या दोन पानांवर इतकी खाडाखोड आहे की कागद विरलाय.

पण व्हॅट आला आणि भाव भडकले. दुकानदारांनी किमती वरच्या आकड्याला नेऊन ठेवल्या, जुना कर कुणी आतून काढलाच नाही. लोक इतके चिडले की एप्रिल १९६९ मध्ये सरकारला भाव गोठवावे लागले. बाजारावर विश्वास ठेवणारा पक्ष ज्यात होता त्या मंत्रिमंडळाने भाव गोठवले, यातच सगळं आलं. माझं स्पष्ट मत आहे की कर चांगला होता आणि वेळ वाईट निवडली. अर्थव्यवस्था आधीच तापलेली होती. युरोपीय नियमाप्रमाणे १ जानेवारी १९७० पर्यंत मुदत होती, वर्षभर थांबता आलं असतं.

आता बडोदा. हजरत इनायत खान यांचा जन्म १८८२ चा, बडोद्याचा. त्यांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव महाराजांच्या दरबारातले मोठे गवई. त्यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, तीच आज सूरसागर तलावासमोरचं संगीत महाविद्यालय आहे. आमच्या घरातल्या सगळ्या मुली तिथे गाणं शिकल्या. इनायत खान त्याच घरात वाढले, वीणा वाजवायचे, आणि १९१० मध्ये युरोप-अमेरिकेकडे निघाले. पुढे त्यांची सूफी चळवळ सगळ्यात जास्त रुजली ती हॉलंडमध्ये. विटेवेन यांचे आईवडील त्यांच्या अनुयायांपैकी, म्हणजे योहानना हे घरातूनच मिळालं. नंतर ते या चळवळीच्या नेतृत्वातही होते. सूफी विचार आणि अर्थव्यवस्था यांवर त्यांनी पुस्तक लिहिलं आहे.

आमच्या घरापासून जवळच काटवाइक आहे, समुद्रकाठचं गाव. तिथल्या वाळूच्या टेकड्यांमध्ये १९२२ साली इनायत खान ध्यानाला बसले होते, त्या जागी १९७० मध्ये 'मुराद हासिल' नावाचं सूफी मंदिर उभं राहिलं. मी तिथल्या प्रार्थनेला जाते. वेदीवर मेणबत्त्या मांडलेल्या असतात, एकेका धर्माच्या नावाने एकेक लावतात, आणि शेवटी जगाला माहीत असलेल्या-नसलेल्या सगळ्यांसाठी एक. मग प्रत्येक धर्मग्रंथातून वाचन. डच बाई अगदी जपून उच्चार करत गीतेतला उतारा वाचते तेव्हा मला आजोळचं माजघर आठवतं. सूरसागरच्या काठावरून निघालेली गोष्ट एका डच अर्थमंत्र्याच्या घरात पोचली, हे बडोद्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे, आणि मला त्याची खंत वाटते.

नाणेनिधीबद्दल इथे दुसरं कुणी लिहील तर बरं, ते माझं क्षेत्र नाही.

विश्वासराव_ठाणे

राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, परकीय चलन विभागात बरीच वर्षं होतो. नाणेनिधीचं मी सांगतो.

विटेवेन १ सप्टेंबर १९७३ ला रुजू झाले. त्यांच्या आधीचे फ्रेंच प्रमुख श्वाइट्झर यांना अमेरिकेने तिसरी मुदत मिळू दिली नव्हती, त्यामुळे वातावरण आधीच बिघडलेलं. जुनी ठरावीक विनिमय दरांची व्यवस्था त्याच वर्षी मोडलेली. आणि सहा आठवड्यांच्या आत अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेल महागलं. जानेवारी १९७४ पर्यंत तेलाचा भाव पिंपाला ११ डॉलरच्या वर गेला, वर्षापूर्वी तो ३ च्या आसपास होता. तेल विकणाऱ्यांकडे डॉलरचा पूर, आणि विकत घेणाऱ्या गरीब देशांची गंगाजळी आटलेली.

इथे विटेवेन यांनी जे केलं ते माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम. तेल निर्यात करणाऱ्या देशांकडून नाणेनिधीने कर्ज घ्यायचं आणि तेल आयात करणाऱ्यांना द्यायचं. यासाठी ते स्वतः आखातात आणि इराणला जाऊन बोलणी करून आले. अमेरिकेच्या अर्थखात्याला ही कल्पना पसंत नव्हती. त्यांना तेलाचे भाव आधी खाली आणायचे होते. तरी जून १९७४ मध्ये तेल सुविधा सुरू झाली. सौदी अरेबिया, इराण, व्हेनेझुएला, कुवेत वगैरेंनी पैसे दिले. दोन वर्षांत ५५ देशांनी यातून कर्ज घेतलं. फार गरीब देशांचा व्याजाचा बोजा हलका करायला वेगळं खातं काढलं.

श्रेयस, भारतानेही १९७४ मध्ये या सुविधेतून कर्ज घेतलं. त्या वर्षी ऑक्टोबरपर्यंत आपले अर्थमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण. महागाई वीस टक्क्यांच्या वर, रेल्वेचा संप, दुष्काळातून महाराष्ट्र नुकता सावरत होता. त्या काळात तेलाचं बिल भागवायला फार अटी न घालता पैसे मिळाले, हे लहान काम नव्हे. सेमिनारमध्ये हा मुद्दा अवश्य घे.

मी तेव्हा कोकणात, चिपळूणकडच्या शाखेत होतो. ७५-७६ नंतर आखातात गेलेल्या पोरांचे ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने यायला लागले. बायका डोक्यावर पदर घेऊन काउंटरला उभ्या राहायच्या, ड्राफ्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून आणलेला. कुणाला सही येत नसे, मग अंगठा आणि साक्षीदार. या पैशानेही देशाची गंगाजळी पुढे वाढली. ज्या तेलाने आपल्याला १९७४ मध्ये बुडवायला काढलं होतं, त्याच तेलाच्या देशांतून हा पैसा येत होता.

मात्र एकच बाजू मांडू नकोस. १९७६ मध्ये ब्रिटनला ३.९ अब्ज डॉलरचं कर्ज द्यायची वेळ आली तेव्हा हेच विटेवेन डिसेंबरच्या सुरुवातीला गुपचूप लंडनला जाऊन पंतप्रधान कॅलहॅन यांना भेटले आणि खर्चकपातीवर अडून बसले. कल्याणकारी योजनांना कात्री लागली. तेलाच्या कर्जाला सैल हात आणि इथे आवळलेली मूठ, हे दोन्ही एकाच माणसाचं आहे.

श्रेयस_कोथरूड

ताई, काका, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. मनापासून आभार. दोन शंका. काका, हा फरक का? सूफी माणूस म्हणून गरिबांबद्दल कणव आणि श्रीमंतांना शिस्त, असं म्हणता येईल का? आणि ताई, निवृत्तीनंतर काय केलं त्यांनी?

विश्वासराव_ठाणे

तसं म्हणू नकोस, सर लगेच पकडतील. हिशेब असा होता. १९७४ मध्ये तेल महागलं ती कुणा एका देशाची चूक नव्हती. सगळ्यांनी एकाच वेळी आयात आवळली असती तर जगभर मंदी आणखी खोल गेली असती. म्हणून तेवढ्यापुरतं कर्ज काढून तग धरणं योग्य. १९७६ चं ब्रिटनचं दुखणं बहुतांशी घरचं होतं, तूट घरची आणि महागाईही घरची. टिनबर्गेनच्या शिष्याला हा भेद करता येणारच. कणव असेल, मी नाकारत नाही, पण सेमिनारमध्ये कारण अर्थशास्त्रातलंच दे. शिवाय त्यांच्या काळात नाणेनिधीने आपलं सोनं लिलावात विकायला काढलं आणि त्यातल्या एका भागाचा नफा विकसनशील देशांसाठी वेगळा ठेवला, तेही बघ. जानेवारी १९७६ ची जमैका बैठक शोध. तरते, म्हणजे बाजारात ठरणारे, विनिमय दर तिथे मान्य झाले. आपण त्याआधीच, सप्टेंबर १९७५ मध्ये, रुपया पौंडापासून सोडवून चलनांच्या टोपलीला बांधला होता. आमच्या खात्यात तेव्हा रोज सकाळी दराचा तक्ता नव्याने लिहायची सुरुवात झाली.

मृण्मयी_लायडन

काकांशी सहमत. इथल्या सूफी मंडळींनाही मी तेच सांगते की त्यांच्या आर्थिक निर्णयांना अध्यात्माचा मुलामा देऊ नका. सूफी विचारांचा परिणाम त्यांच्या वागण्यात शोधावा. वॉशिंग्टनच्या धबडग्यातही ध्यान सोडलं नाही, विरोधकांशी बोलताना आवाज चढवला नाही, अशी इथे त्यांची ख्याती आहे.

१९७८ मध्ये त्यांनी दुसरी मुदत घेतली नाही. मग 'ग्रुप ऑफ थर्टी' या अर्थतज्ज्ञांच्या आणि बँकप्रमुखांच्या गटाचे ते पहिले अध्यक्ष झाले. म्हातारपणीही लिहीत-बोलत राहिले. २००८ च्या बँक संकटानंतर इथले पत्रकार त्यांच्याकडे जायचे, कारण १९७३ पाहिलेला माणूस दुसरा फारसा उरला नव्हता.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा विचार करत होते. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर पाडलेल्या एमएच-१७ विमानात त्यांचा मुलगा होता. कायद्याचा प्राध्यापक आणि मजूर पक्षाचा सिनेटर, म्हणजे पणजोबांच्या वाटेने गेलेला. सोबत सून आणि नात. विटेवेन तेव्हा ९३ वर्षांचे होते. त्यानंतर ते आणखी जवळजवळ पाच वर्षं जगले, एप्रिल २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी गेले. विमान पडलं त्यानंतरच्या आठवड्यात हा देश कसा होता ते मी पाहिलं आहे. आइंडहोव्हनच्या विमानतळावरून शवपेट्यांच्या गाड्यांची रांग निघाली आणि लोक हमरस्त्यावरच्या पुलांवर येऊन नुसते उभे राहिले. हे सेमिनारमध्ये घेऊ नकोस, तुझ्यासाठी म्हणून सांगितलं.

सेमिनारसाठी माझं ऐकशील तर १९६९ चा व्हॅट आणि १९७४ ची तेल सुविधा या दोनच गोष्टी घे, दोन्ही खोलात मांड. पहिलीत लोक कसे वागतील याचा अंदाज चुकला, दुसरीत देश कसे वागतील याचा बरोबर आला. जीएसटीच्या पहिल्या वर्षी पुण्यातल्या दुकानांत भाव कसे हलले, ते घरच्यांना विचार आणि बाजूला मांड. सरांना विचारायला प्रश्न सापडतील आणि तुझ्याकडे उत्तरंही असतील. बडोद्याला कधी गेलास तर संगीत महाविद्यालय बघून ये, सूरसागरच्या रस्त्यावर कुणीही दाखवेल.

श्रेयस_कोथरूड

नक्की ताई. व्हॅट आणि तेल सुविधा, ठरलं. बाबांचं स्टेशनरीचं दुकान आहे, २०१७ च्या जुलैची बिलं अजून माळ्यावर आहेत. या रविवारी काढतो.